ढवळ्याच्या खांद्यावरची हळद

१

ऐक दीक्षे, पहिले तो फोन उलटा ठेव. अन् मधात ‘मंग काय झालं, मंग काय झालं’ करू नको, मी सांगूनच रायली ना.

पोळ्याच्या दिवशी सकाळी साडेनऊले मी क्लिनिकचं शटर वर करून रायली होती, अन् खिशात मोबाइल असा थरथर थरथर. सतरा मेसेज. सगळ्यायनं एकच व्हिडिओ पाठवला. अकोल्यातल्या एका घराच्या मागचं आंगण. सिमेंटच्या फरशीवर पांढरंशुभ्र लॅब्राडोर आडवं पडलं, तोंडापाशी लाल-काळी उलटी, अन् मानेच्या मागं, दोन्ही खांद्यायवर, पिवळे पिवळे पट्टे. वरतून आवाज गोपालभाऊचा, म्हणजे कुत्र्याच्या मालकाचा: “अमरावतीच्या ‘सोबती’ क्लिनिकच्या झाडपाल्याच्या तेलानं आमच्या ब्रुनोची हे हालत केली. लोकहो, आपापले जनावर सांभाळा.”

मी तिथंच शटर अर्धं धरून उभी. काहून, तं ते तेल लावणारे हात कोणाचे होते? हे. हे माझे!

तुले मायीत आहे ना आमचं काम? वर्षालीमॅडम पक्क्या डिग्रीवाल्या डॉक्टर आहेत जनावरायच्या. जिथं इंजेक्शन लागते तिथं इंजेक्शनच देतात. पण म्हातारं झालेलं कुत्रं, आखडलेली मांजर, अशायले त्या सोबत मालिश, सुया, खाण्यापिण्याचं पथ्य, तेल असं सगळं मिळून पायतात. मालिश मी करते. दोन वर्षं झाले, एक कुत्रं मले चावलं नाई.

हे ब्रुनो दहा दिवसाअगोदर आलं होतं. नऊ वर्षाचं, मागची कंबर धरलेली. सोबत गोपालभाऊ अन् त्याचे वडील खुशालराव. आबाजीच म्हणते मी त्यायले. ते त्याले ब्रुनो म्हणतच नव्हते. म्हणे, “ढवळ्या, ये बाप्पा.” त्यायची स्वतःची हालत कुत्र्यापेक्षा खराब. गाडीतून उतरताना एक हात दरवाज्याले, एक माझ्या खांद्याले, अन् मंग भिंत. तीन टेके घेतले तवा कुठं खुर्चीवर बसले, गुडघे दाबत.

मी ढवळ्याच्या कमरेले तेल लावत होती अन् तोंड चालूच होतं माझं, तुले तं मायीतच आहे. म्हटलं, “आबाजी, घाबरू नका. दुखणं सगळ्यायचं सारखंच असते. तुमचे गुडघे अन् याची कंबर, एकच गोष्ट.” आबाजी हसले. “आयकलं काय ढवळ्या, आपलं एकच हाय म्हणते पोरगी.”

जाताना मॅडमनं बाटली दिली. तिळाचं तेल, निर्गुडी, हळद. एक दिवसाआड दोन चमचे, फक्त कमरेले. महिनाभर पुरते.

आता आयक. त्या दिवशी टेबलावर दोन बाटल्या होत्या. एक हे, अन् एक करंजाचं कडू तेल, गोचिडाचं. दोन्ही एकाच मापाच्या, एकाच झाकणाच्या. अन् चिठ्ठी चिपकवाचं काम माझं.

मी शटर धरून उभी, अन् डोक्यात एकच: आकांक्षा, तू चुकीची बाटली तं नाई दिली?

२

मॅडमले सांगावं तं कसं सांगावं? मी पहिले सुभद्रामावशीकडं गेली, मागच्या खोलीत.

मावशी मोर्शीकडची. घरी फुलाचा अन् भाजीचा मळा, वीस वर्षं चांदूर बाजारच्या बाजारात दुकान लावलं तिनं. आता पोराकडं अमरावतीत रायते अन् आमच्याकडं तेल कढवते, गाळते. तिचं एकच म्हणणं, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं नाई पावाचं, हाताकडं पावाचं. टमाटा दाबून कोण ठेवते अन् घेऊन कोण जाते, हे तोंडावरून नाई समजत.

मी रडत रडत बाटल्यायचं सांगितलं. ती उठली, फळीवरून करंजाच्या बाटल्या काढल्या. “किती भरल्या व्हत्या?”

“सहा.”

“मोज.”

सहा. सगळ्यायचे झाकण जसेच्या तसे.

“मंग रडते काहून? अन् त्याच कढईतलं तेल त्याच दिवशी अजून चार कुत्र्यायले गेलं. त्यायचे फोन आले काय? ते मस्त हाडकं चघळून रायले असन. तेलात काई नाई. तेलाच्या मांगं काईतरी हाय.”

तेवढ्यात मॅडम आल्या. तोंड उतरलेलं. ढवळ्याले अकोल्याच्या एका मोठ्या जनावरायच्या दवाखान्यात भरती केलं होतं, अन् मॅडमचं तिथल्या डॉक्टरसंग बोलणं झालं होतं.

“पोटातून रक्त चालू आहे, किडनीवर सूज आहे,” मॅडम म्हणाल्या. “घरचे सांगून रायले की तेलाशिवाय काहीच दिलं नाही. तिथले डॉक्टर म्हणतात, मग ही तेलाची रिॲक्शन धरावी लागेल. उद्या चार वाजेपर्यंत दुसरं कारण नाही मिळालं तर ते स्टेरॉइड सुरू करतील.”

“मंग चांगलंच आहे ना,” म्हटलं.

“आकांक्षा, हे रिॲक्शनसारखं नाहीच. हे मला दुखण्यावरच्या औषधासारखं दिसते. माणसांच्या. आणि तसलं काही त्याच्या पोटात असेल, वरून स्टेरॉइड गेलं, तर कुत्रं जगणार नाही. मी त्यांना बोलले. ते म्हणतात, मॅडम, तुमचंच तेल आहे, तुम्ही असं म्हणणारच.”

त्या बोलत होत्या अन् फोन वाजून रायला होता. दुपारपर्यंत सहा जणायनं यायचं रद्द केलं. सातवा फोन घरमालकाचा. म्हणे, बाई, बोर्ड उतरवून ठेवा, लोक काचा फोडतील.

गोपालभाऊ मॅडमचा फोन उचलत नव्हता.

मावशीनं हात पुसले, पदर खोचला. “उद्या सकाळची गाडी किती वाजता हाय, अकोल्याची?”

३

मूर्तिजापूर येईपर्यंत मावशीनं मले तो व्हिडिओ अकरा डाव दाखवाले लावला. अकरा! प्रत्येक डाव एकाच ठिकाणी, “थांबव. इथं.” पिवळ्या पट्ट्यायवर.

“हे हळद कुठं लागेल हाय?”

“मानेमागं. खांद्यायवर.”

“अन् तू कुठं लावलं व्हतं?”

“कमरेले. पण दहा दिवस झाले ना मावशी, ते घरचे लावत असन.”

“कंबर दुखते तं खांद्याले कोण लावते?”

मी म्हटलं, लोळलं असन कुत्रं. मावशीनं पुडी उघडली. फुटाणे खात बसली.

दवाखान्यात ढवळ्या एका कोपऱ्यात, पायाले सलाईन. मले पायलं अन् शेपटी, दीक्षे, शेपटी एवढीशी हलली. माझ्यावर सारं अकोला उठलं होतं अन् हे कुत्रं मले ओळख देत होतं. मी त्याच्या मानेत तोंड घातलं. हळदीचा वास. तुपाचा वास. अन् तिसरा एक, थंडगार, पेपरमिंटच्या गोळीसारखा. आमच्या तेलाले असा वास नाई. कधीच नाई.

“मावशी, हुंग.”

मावशीनं हुंगलं. तिचे डोळे बारीक झाले.

“काय चालू आहे इथं?” मागून आवाज. देवानंद. याचं अकोल्यात कुत्र्यामांजरायच्या सामानाचं दुकान आहे, गोपालभाऊचा लंगोटीयार. व्हिडिओ मुळात यानंच सगळीकडं पाठवला होता. “अमरावतीवाल्या ना तुमी? आता कुत्र्यावर मंतर माराले आल्या काय?”

“मंतर नाई भाऊ,” मावशी एकदम गोड. “मी अडाणी बाई, इचाराले आली. तुमी तं जाणकार. तुमच्या दुकानातून याले काय काय जाते?”

“खाणं. अन् गोचिडाची गोळी, ते बी महिन्याअगोदर.”

“दुखण्याची नाई देत?”

“मी डॉक्टर आहे काय?” देवानंद भडकला. “तुमच्या मॅडमसारखा नाई मी, सगळं एकट्यानंच करणारा. गोपालले मी पयलेच म्हटलं होतं, अमरावतीले नको जाऊ, माझ्या वळखीचा डॉक्टर आहे. नाई आयकलं त्यानं. बुढ्याच्या हट्टापायी गेला.”

मावशी त्याच्या हाताकडं पाहून रायली होती. मी बी पायलं. देवानंद बोलून रायला होता वाकडं, पण हात ढवळ्याच्या कानामागं, हळूहळू खाजवत. त्याले स्वतःले बी मायीत नसन.

जाता जाता तो दारात थांबला. आवाज खाली केला. “माझ्यावर काय शक घेता? त्या घरात जाऊन इचारा, ब्रुनो कोणाले नको आहे ते.”

४

घर कॉलनीच्या टोकाले. पावणेतीन वाजले होते. सव्वा तास उरला होता आमच्यापाशी, अन् दरवाजा उघडला तो प्रतीक्षावहिनीनं, गोपालभाऊच्या बायकोनं. सातवा महिना तिले.

मले वाटलं, तोंडावर दरवाजा आपटन. पण ती म्हणे, “या. ते तं बोलणारच नाई तुमच्यासंग. मले तरी सांगा, जीव वाचन काय त्याचा?”

“तुमाले नको होतं म्हणतात कुत्रं,” मी सरळ इचारलं. मावशीनं मले चिमटा घेतला.

“नकोच होतं. खोटं काहून बोलू? घरभर केस, अन् आता लेकरू येऊन रायलं. मी म्हटलं होतं, पातूरले धाडा. तिकडं आमचं वावर आहे, ठेक्यानं दिलेलं, ठेकेदार पाळन त्याले. पण नको असणं येगळं अन् मारणं येगळं, ताई.”

तेवढ्यात गोपालभाऊ आला आतून. डोळे लाल. “आता काहून आल्या? पोळ्याच्या आदल्या सांजेले हिनं स्वतः पायलं, बाबा मागच्या आंगणात त्याले ते पिवळं चोपडून रायले होते. मी बाबाले इचारलं, काय लावलं? म्हणे, डॉक्टरीणबाईनं देल्लं तेच. सकाळी कुत्रं पडलं. अजून काय पायजे तुमाले?”

“बाटली दाखवता?” मावशी म्हणे.

बाटली आणली. मी हातात घेतली अन् उजेडात धरली. तळाले बोटभर तेल! दहा दिवसात! महिन्याची बाटली!

“भाऊ, हे एवढं लावलंच कसं? याचे तं फक्त—”

“म्हणजे जास्त लावलं तं जहर आहे ना ते?” गोपालभाऊ ओरडला. “तुमीच बोलल्या! आता रेकॉर्डिंग करतो, थांबा.”

घे. मी स्वतःच्याच तोंडानं आमचा दवाखाना बुडवला होता. मावशी मात्र शांत. “भाऊ, राग मंग काढा. दवाखान्याची चिठ्ठी पावाची हाय, शोधता काय तेवढी? अन् पोरी,” वहिनीले म्हणे, “च्या ठेव बाई घोटभर, गाडीनं डोकं उठलं.”

दोघं आत गेले. आमी मागच्या दारानं आंगणात.

आबाजी तिथंच होते. ढवळ्याची गोधडी झटकून रायले होते, रिकामी. आमाले पायलं. खाली बसले, उकिडवे, सर्रकन, अन् गोधडीची घडी करू लागले. पायजम्याच्या दोन्ही गुडघ्यायवर पिवळे डाग. मी मनात म्हटलं, बिचारे, कुत्र्याले मांडीवर घेऊन बसत असन.

गोधडीपाशी एक पितळेची वाटी, आतून चाटूनपुसून चकचकीत, काठाले फक्त पिवळी रेघ. अन् भिंतीच्या कडेले पळसाचं एक पान, वाळून गुंडाळी झालेलं. पळस तं पोळ्याच्या दिवसायत सगळीकडंच असते, त्याच्या फांद्या लोक दाराले लावतात, मेढे म्हणतात त्याले. मी पायलं अन् सोडून देल्लं.

मावशीनं ते पान उचललं. उघडलं. बोट फिरवलं त्यावर, हुंगलं. मंग आबाजीच्या समोर, तशीच उकिडवी बसली.

“आबाजी,” एकदम हळू, “ढवळ्याले आवतन देल्लं व्हतं काय तुमी?”

आबाजीच्या हातातली गोधडी खाली पडली.

५

तुले समजलं काय? मले बी नाई समजलं. मी अमरावतीत वाढलेली, बैल मी पोळ्यात तोरणाखाली उभे पायले, बस.

मावशी मले सांगत होती, पण पाहून आबाजीकडं रायली होती. “आकू, मेढ्याले फांदी लागते, अख्खी. हे एकटं पान हाय, अन् त्याले तूप-हळद हाय. पोळ्याच्या आदल्या सांजेले बैलाची खांदशेकणी असते. सालभर जू वाहून खांदे दुखतात त्याचे. पळसाचं पान घ्याचं, तूप अन् हळद कोमट करून खांद्याले लावाचं, अन् त्याच्या कानात म्हणाचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. म्हणून हळद खांद्यावर होती. कमरेवर नाई. कास्तकाराचा हात कमरेवर जाईनच कसा त्या दिवशी?”

“पण मावशी, हे कुत्रं आहे!”

“नाव काय त्याचं?”

ढवळ्या. दीक्षे, मी दहा दिवसापासून ते नाव आयकून रायली होती!

“बैलाचंच नाव ते,” आबाजी बोलले. आवाज असा, जसा आडातून येते. “माहा शेवटचा. वावर ठेक्यानं देल्लं, मले इथं आणलं, जोडी इकून टाकली. दोन पोळे झाले, खुंटा रिकामा. मी म्हटलं, यंदा कोणाले तरी आवतन देऊ.”

“तूप-हळदीनं कुत्रं मरत नाई, आबाजी,” मावशी म्हणे. “तिसरा वास कायचा हाय त्यात? थंडा?”

आबाजी गोधडी उचलून पुन्हा घडी घालू लागले.

अन् तवा मले दिसलं. मले, बरं का! ते उकिडवे बसले होते. दहा दिवसाअगोदर खुर्चीवर बसाले तीन टेके लागत होते त्या माणसाले, अन् आज सर्रकन खाली. गुडघ्यायवरचे डाग कुत्र्याचे नव्हतेच. बाटली दहा दिवसात संपली ती ढवळ्याच्या कमरेवर नाई.

“आबाजी,” मी म्हटलं, “आमचं तेल तुमी तुमच्या गुडघ्याले लावलं?”

त्यायनं दोन्ही हातायनं तोंड झाकून घेतलं. सत्तर-बहात्तरचा माणूस, लहान लेकरासारखा. “चोरलं मी. मुक्या जीवाचं औषध चोरलं. एक दिवस लावून पायलं, इतकं बरं वाटलं बाई, मंग रोजच लावलं. त्याच्या हिश्श्याचं. म्हणून पडला तो. माह्या पापानं पडला.”

“मंग त्याले काय लावलं त्याच्या बदल्यात?” मावशीनं इचारलं.

“त्याले उपाशी थोडी ठेवीन?” आबाजीनं तोंडावरचे हात काढले. “माहं मलम देल्लं त्याले. गोपालनं आणेल, भारीतलं. अख्खी नळी पिळली तुपात. हे पोरगीच म्हणे ना, दोघायचं दुखणं एकच. त्याचं मले लागू पडलं, तं माहं त्याले पडन. खांद्याले चोपडलं, उरलं ते त्यानं वाटीसकट चाटलं. खुश झाला व्हता. पण मलमाचं काई नाई बाई, ते तं मी दोन वर्षांपासून लावून रायलो, मले कुठं काय झालं?”

बंडीच्या खिशातून नळी काढली त्यायनं, दाबून दाबून पट्टी झालेली. मी नाव वाचलं. डायक्लोफिनॅक. खाली बारीक अक्षरात मेन्थॉल, म्हणजे पेपरमिंटच.

आता पाय ना. आबाजी काय लपवून रायले होते? तेल चोरल्याचं. त्याच्यासाठी रात्रंदिवस झुरून रायले होते. अन् ज्यानं कुत्रं मरून रायलं होतं, ते त्यायच्या हिशोबानं त्यायनं केलेलं चांगलं काम होतं. म्हणून कोणी इचारलं तरी तोंडातून निघालंच नसतं.

तीन पस्तीस. मी मॅडमले फोन लावला. नाव सांगितलं. मंग मॅडम म्हणाल्या, “हेच औषध दिलेली गुरं खाऊन गिधाडं संपली. ठेव फोन, मी त्यांना कळवते. तू नळी घेऊन पळ.”

पण पळाले दार कुठं होतं? दारात गोपालभाऊ उभा. हातात चिठ्ठी. त्यानं शेवटचंच आयकलं होतं. “कोणती नळी?”

६

नळी मी त्याच्यासमोर धरली. सांगितलं सगळं, म्हणजे औषधाचं सगळं. हे तुपात गेलं, तूप कुत्र्याच्या पोटात गेलं. आमचं तेल नव्हतं. चार वाजता स्टेरॉइड देल्लं असतं तं खेळ खतम होता.

तो लगेच गाडी काढाले धावला, नळी घेऊन. अन् गाडीपाशी जाऊन वापस फिरला. “पण बाबाले हे असं कराले सांगितलं कोणी? का आपल्याच मनानं केलं त्यायनं?”

वहिनी च्याचा ट्रे घेऊन उभी. आबाजी गोधडीपाशी. मावशी जमिनीकडं पाहून रायली होती.

एक गोष्ट मी तुले सांगितली नाई अजून. च्या येण्याअगोदर, आंगणात, आबाजीनं माझा हात धरला होता. म्हणे, “उन्हाळ्यात दोन डाव गॅस चालू रायला माह्याच्यानं. गोपाल म्हणे, बाबा, अजून एक चूक, अन् ढवळ्या पातूरले जाईन. तुमाले आता काई समजत नाई. पोरी, तो गेला तं मी इथं कोणासंग बोलू?”

आता उभी राय माझ्या जागी. इकडं गोपालभाऊ. त्यानं नाव आयकल्याशिवाय तो ‘तेलात दोष नाई’ म्हणणारा दुसरा व्हिडिओ टाकणार नाई, अन् नाई टाकला तं मॅडमचा बोर्ड उतरते. तिकडं आबाजी.

अन् माझ्या कानात माझाच आवाज. तुमचे गुडघे अन् याची कंबर, एकच गोष्ट. मस्त वाटलं होतं मले बोलताना. पण मॅडम पेशंटले कधीच असं म्हणत नाईत, आठवलं मले. त्या म्हणतात, सगळं शरीर मिळून पावाचं, पण ज्याचं शरीर त्याचं औषध. मी फक्त पहिलं अर्धं घेऊन फिरत होती दोन वर्षं.

“मी,” म्हटलं.

“काय?”

“मी सांगितलं होतं आबाजीले क्लिनिकमधी. की माणसाचं अन् कुत्र्याचं औषध सारखंच चालते. मॅडमले मायीत नाई. त्यायनं माझं आयकून लावलं. त्यायची चूक नाई, भाऊ. माझी.”

खोटं होतं काय ते? अर्धं. पाऊण. मले अजून बी नाई समजत. मावशीनं मान वर करून पायलं माझ्याकडं, हाताकडं नाई, तोंडाकडं. आबाजीनं गोधडीत तोंड घातलं, अन् गोपालभाऊ नळी घेऊन निघाला, चारच्या अगोदर दवाखान्यात पोचला.

त्याच सांजेले गोपालभाऊचा दुसरा व्हिडिओ आला. मॅडमच्या तेलात दोष नाई, क्लिनिकच्या एका अडाणी पोरीनं चुकीचा सल्ला देल्ला, तिचं नाव आकांक्षा. फोटोसकट, बाप्पा! देवानंदनं तो बी सगळीकडं पाठवला. तेवढा इमानदार निघाला तो. मॅडमचा बोर्ड जागेवर आहे. माणसं येऊन रायले. फक्त मी नाई जात. मॅडम म्हणाल्या, “आकांक्षा, लोक तुझ्या हाताखाली जनावर द्यायला घाबरतात आता. काही दिवस घरी थांब.” मावशी त्यायले खरं सांगाले निघाली होती, मीच तिले आपली शपथ घातली.

ढवळ्या नऊ दिवस भरती होता. दहाव्या दिवशी घरी आला.

अन् आता आयक, ज्याच्यासाठी तुले बोलावलं ते. आज सकाळी फोन आला. आबाजीचा. शेजाऱ्याच्या फोनवरून, लपून. म्हणे, “पोरी, ढवळ्या आज आपल्या पायानं फाटकापर्यंत गेला. म्या त्याचं तेल आता त्यालेच लावतो, शपथ. पण मले भात गिळत नाई. तुह्यं नाव खराब झालं माह्यापायी. तू हो म्हण, आजच गोपालले खरं सांगतो. मंग तो ढवळ्याले पातूरले धाडन तं धाडन.”

मागून भुंकण्याचा आवाज येत होता. बसका, पण येत होता.

मी म्हटलं, आबाजी, सांजेले सांगते.

आता साडेपाच झाले. तो म्हातारा त्या शेजाऱ्याच्या ओट्यावर फोनकडं पाहत बसला असन. मी ‘हो’ म्हटलं तं उद्या माझे हात मले वापस भेटतात, अन् त्याचा ढवळ्या जाते. ‘नाई’ म्हटलं तं हे अडाणी पोरगी जलमभर मीच.

सांग ना दीक्षे. तू असती तं काय म्हटलं असतं?